ध्वनिमुद्रिकांची पाठचिकित्सा : जाझच्या पुनर्मुद्रणांविषयी काही विचार

भाषाशास्त्र-विभागाच्या संशोधन-पत्रिकेत जाझ या अमेरिकन संगीताच्या तबकड्यांविषयी लेख यावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकाला जुन्या तबकड्या जमविण्याचा छंद आहे, हे त्याचे एक कारण. परंतु तेवढ्याने पत्रिकेची पाने अडविण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. दुसरे कारण आमच्या शास्त्राशी निगडित असून ते लेखाच्या अखेरीस आपोआप स्पष्ट होईल.

प्रारंभ एका घरगुती प्रसंगापासून करतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, विद्यार्थिदशेत, पुण्याच्या जुन्या बाजारात मला माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी मिळाली. आमच्या घरी आजोबांची पेटी होती. तिच्यावर त्या संगीताचे स्वर शोधण्याचा मी प्रयत्न करू लागलो तेव्हा असे आढळले की, पहिल्या बाजूचे स्वर पेटीच्या कोणत्याच पट्टीत बसत नाहीत. ते दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी पडतात. पेटी बिघडली असे समजून मी ती कारागिराकडे नेली. त्याने सर्व स्वर तपासून, सूर शाबूत आहेत असे सांगून ती परत केली. घरी आल्यावर मी तबकडीची दुसरी बाजू लावली, तर ती पेटीशी नीट जुळली! तबकडी तीच, यंत्र तेच, पेटीही तीच. एक बाजू जुळते आणि दुसरी जुळत नाही, हे कोडे मला त्या वेळी उलगडले नाही.

त्याचा उलगडा पुढे वाचनात आला. या तबकडीचे मुद्रण न्यू यॉर्क येथे, कोलंबिया कंपनीने एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या ध्वनिगृहात, १९५९ साली दोन बैठकींत झाले. पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना २ मार्चच्या बैठकीतल्या, तर दुसऱ्या बाजूवरील दोन २२ एप्रिलच्या. पहिल्या बैठकीच्या वेळी मुख्य ध्वनिफीत-यंत्र किंचित मंद गतीने फिरत होते. मंद गतीने भरलेली फीत योग्य गतीने वाजविली म्हणजे स्वर चढतो आणि लयही वाढते. हा फरक अर्ध्या स्वराहून कमीच होता. म्हणून तो ऐकणाऱ्याला खटकला नाही, वाजवू पाहणाऱ्याला मात्र खटकला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तबकडी प्रसिद्ध झाली, आणि त्या फितीपासून निघालेल्या सर्व आवृत्त्यांमध्ये हा दोष निमूटपणे उतरत गेला. सुदैवाने त्याच बैठकीत खबरदारी म्हणून दुसऱ्या यंत्रावरही मुद्रण चाललेले होते आणि ते यंत्र योग्य गतीने फिरत होते. १९९२ साली नव्या आवृत्तीची तयारी करीत असताना त्या दुसऱ्या फितीचा आधार घेतला गेला आणि ३३ वर्षांनी स्वर मूळ जागी आले. मधल्या काळात तबकडीबरोबर अभ्यास करणाऱ्या कित्येक वादकांना आपली वाद्ये चढी लावून घ्यावी लागली असली पाहिजेत.

आता येथे संग्राहकांच्या एका दृढ समजुतीला धक्का बसतो. जितकी तबकडी जुनी तितकी ती सत्याच्या जवळ, या समजुतीपायी प्रथमावृत्तीला मोठी किंमत दिली जाते. परंतु ‘काइंड ऑफ ब्लू’च्या प्रथमावृत्तीत पहिल्या बाजूचा स्वर चुकीचा आहे, इतकेच नव्हे, तर दुसऱ्या बाजूवरील दोन रचनांची नावेही आरंभीच्या प्रतींवर एकमेकांच्या जागी छापली गेली होती. हस्तलिखितांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. उशिराची प्रत एखाद्या स्वतंत्र आणि शुद्ध आदर्शावरून उतरलेली असू शकते, म्हणून केवळ वयावरून प्रतीची योग्यता ठरवू नये, हा पाठचिकित्सेतील प्राथमिक नियम होय. भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीचे संपादक डॉ. सुखठणकर यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत प्रतींचे परस्परसंबंध ज्या रीतीने लावून दाखविले, ती रीत तबकड्यांनाही जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. तथापि शुद्ध पाठ सापडला म्हणजे रूढ पाठ निरुपयोगी ठरला असेही नव्हे. नीलकंठाच्या टीकेमुळे रूढ झालेला महाभारताचा पाठ मूळ पाठ नसेल. परंतु शतकानुशतके लोकांनी वाचला तो तोच. त्याचप्रमाणे १९६० नंतरच्या वादकांवर डेव्हिसच्या संगीताचा जो संस्कार झाला तो चढ्या स्वराचाच झाला. घडलेल्या संगीताचा इतिहास आणि ऐकल्या गेलेल्या संगीताचा इतिहास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ध्वनिफीत येण्यापूर्वीच्या काळाकडे वळले की प्रश्न अधिक बिकट होतो. जाझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. १९२५ पर्यंत मुद्रण विजेच्या साहाय्यावाचून होत असे. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत आणि आवाजाच्याच बळाने सुई मेणावर रेघ कोरी. १९२३ साली इंडियाना प्रांतातील रिचमंड येथे जेनेट कंपनीच्या ध्वनिगृहात किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाचे मुद्रण झाले. ते ध्वनिगृह लोहमार्गाला लागून होते. गाडी आली की काम थांबवावे लागे. वृंदातील तरुण लुई आर्मस्ट्राँगचा आवाज इतका भारी की त्याला इतरांपासून बराच दूर उभे करावे लागले, अशी आठवण पियानोवादक लिल हार्डिन हिने सांगितली आहे. मोठ्या ढोलाचा आघात सुईला सोसवत नसे. म्हणून बेबी डॉड्स या तालवाद्यवादकाने लाकडी ठोकळ्यांवर ताल धरला. पुढे १९४० च्या सुमारास जुन्या शैलीचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांनी तबकड्या ऐकून हेच न्यू ऑर्लिन्सचे खरे तालवादन असे समजून ठोकळे वाजविण्यास आरंभ केला! यंत्राची मर्यादा ही परंपरा मानली गेल्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

गतीचाही प्रश्न आहेच. ‘अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी’ असे आपण सरसकट म्हणतो; परंतु १९२० च्या आसपासच्या कित्येक तबकड्या मिनिटाला ७४ किंवा ८० फेऱ्यांनी भरलेल्या आढळतात. ७४ फेऱ्यांनी भरलेली तबकडी ७८ ने वाजविली तर स्वर शेकडा सुमारे ५·४ ने, म्हणजे अर्ध्या स्वराहून थोड्याच कमी प्रमाणात, चढतो. जाझपुरते पाहिले तर येथे एक आधार मिळतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट इत्यादी वाद्यांच्या घडणीमुळे वादकांना काही पट्ट्या सोयीच्या आणि काही अत्यंत गैरसोयीच्या असतात. एखादे पुनर्मुद्रण ऐकताना सारा वृंद त्या अडचणीच्या पट्टीत सहजगत्या वाजवीत आहे असे दिसले, तर वादकांच्या कौशल्याचे कौतुक करण्यापूर्वी यंत्राच्या गतीचा संशय घ्यावा. येथे प्रमाण मिळते ते वाद्याच्या रचनेतून, कोणाच्या कानाच्या ग्वाहीवरून नव्हे.

पाठभेद या शब्दाविषयी येथे थोडे सावध राहिले पाहिजे, कारण जाझमध्ये दोन निरनिराळ्या गोष्टींना हा शब्द लावता येतो. एका बैठकीत एकच रचना वादक दोनदा, चारदा वाजवीत. अशा प्रत्येक खेपेला स्वतंत्र खूण असे. आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही २८ जून १९२८ रोजी शिकागोत भरलेली तबकडी ४००९६७-बी या क्रमांकाची आहे. त्यातील ‘बी’ हे अक्षर दुसरी खेप दर्शविते. चार्ली पार्कर याच्या २६ नोव्हेंबर १९४५ च्या बैठकीतील ‘को-को’ या रचनेची पहिली खेप मध्येच तोडलेली आहे, दुसरी पूर्ण आहे. आणि दोन्ही आज ऐकावयास मिळतात. हे पाठभेद लेखनिकाचे नव्हेत. कीर्तनकाराने एकच आख्यान आज एका तऱ्हेने आणि उद्या दुसऱ्या तऱ्हेने लावावे, तसे ते आहेत, दोन्ही अस्सल. याउलट एकाच खेपेची दोन पुनर्मुद्रणे जेव्हा निराळी ऐकू येतात, तेव्हा तो भेद संक्रमणाचा असतो आणि त्याचा दोष किंवा श्रेय प्रतकाराकडे जाते. पहिल्या प्रकारच्या भेदात निवड करणे हा रसिकतेचा भाग आहे. दुसऱ्या प्रकारच्या भेदात ते शास्त्राचे काम आहे. कित्येक संग्राहक या दोहोंची गल्लत करतात आणि मग वाद निष्फळ होतात.

पुनर्मुद्रणांची परंपरा बरीच जुनी आहे. १९३६ साली पॅरिसमध्ये शार्ल दलोने याने जाझ-तबकड्यांची सूची प्रसिद्ध केली आणि त्याच सुमारास न्यू यॉर्कमध्ये मिल्ट गेब्लर या दुकानदाराने दुर्मीळ तबकड्या वादकांच्या नावांसह पुन्हा काढण्यास प्रारंभ केला. १९४० साली जॉर्ज अवाकियन या विद्यार्थ्याला कोलंबिया कंपनीने आपल्या जुन्या साच्यांमधून निवड करण्याचे काम दिले; ब्रिजपोर्टच्या कारखान्यात त्याला आर्मस्ट्राँगच्या पूर्वी कधीही न निघालेल्या खेपा सापडल्या. परंतु दोनच वर्षांनी युद्धामुळे लाखेची टंचाई झाली. तबकडीला लागणारी लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जाई, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही. १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने लाखेच्या मुलकी वापरात शेकडा ७० कपात केली, आणि नव्या तबकड्यांसाठी जुन्या तबकड्या भंगारात गोळा होऊ लागल्या. छोटा नागपूरच्या जंगलातील लाखेची तूट आणि शिकागोच्या संगीताचे जतन यांचा संबंध हा असा आहे.

युद्धानंतर दीर्घवादन तबकडी आली, आणि तिच्याबरोबर चोरट्या आवृत्त्याही आल्या. ‘जॉली रॉजर’ (समुद्री चाच्यांच्या निशाणाचे नाव!) या छापाने दुसऱ्यांच्या मालकीचे जुने मुद्रण उघडपणे विकले. १९५१ साली उघडकीस आले की, या तबकड्या आर. सी. ए. व्हिक्टर या बड्या कंपनीच्याच कारखान्यात, तिच्या नकळत, छापल्या जात होत्या. अशा वंशावळीचा माग कसा लावावयाचा? येथे पुन्हा हस्तलिखितांची रीत उपयोगी पडते : समान शुद्ध पाठांवरून काहीच सिद्ध होत नाही, समान प्रमादांवरून नाते सिद्ध होते. दोन निरनिराळ्या छापांच्या पुनर्मुद्रणांत एकाच स्वरावर तोच खरखराट ऐकू आला, एकाच जागी आवाज क्षणभर दबला, तर दोन्ही एकाच प्रतीपासून निघाली, किंवा एकाने दुसऱ्याची नक्कल केली, हे निश्चित. मग ‘अस्सल तबकडीवरून नव्याने घेतलेले’ असे वेष्टनावर छापलेले असो वा नसो.

या तुलनेतून एकदा अनपेक्षित धन हाती लागले. ड्यूक एलिंग्टनच्या वृंदाने १९३२ च्या फेब्रुवारीत व्हिक्टर कंपनीसाठी काही जोड-रचना वाजविल्या. पुढे दोन अमेरिकन संग्राहकांना असे आढळले की, एकाच खेपेच्या म्हणून समजल्या गेलेल्या दोन तबकड्यांमध्ये वाद्यांचा परस्पर तोल निराळा आहे. मुद्रणाच्या वेळी दोन यंत्रे चालू होती आणि प्रत्येकाला स्वतंत्र ध्वनिग्राहक जोडलेला होता. एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही तबकड्या काटेकोरपणे एकत्र वाजविताच एलिंग्टनचा वृंद डावी-उजवी बाजू धरून सभोवार पसरला! १९८५ साली ही मुद्रणे त्या रूपात प्रसिद्ध झाली. ज्या काळात द्विमार्गी ध्वनी बाजारात नव्हता त्या काळातले हे द्विमार्गी मुद्रण, दोन प्रतींतील क्षुल्लक वाटणारा भेद कोणीतरी मनावर घेतला म्हणून उपलब्ध झाले. याच्या अगदी उलट प्रकार १९६० च्या दशकात कंपन्यांनी केला : एकमार्गी मुद्रणाचे उच्च आणि नीच स्वर कृत्रिम रीतीने दोन बाजूंना वाटून ते ‘स्टीरिओ’ म्हणून विकले. त्या आवृत्त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

रूडी व्हॅन गेल्डर याचे प्रकरण मात्र विचार करण्याजोगे आहे. न्यू जर्सीतील हॅकन्सॅक येथे आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात, आणि १९५९ पासून एंगलवूड क्लिफ्स येथील स्वतःच्या ध्वनिगृहात, त्याने ब्लू नोट व इतर छापांसाठी शेकडो मुद्रणे केली. फितीवरून तबकडीचा साचाही तो स्वतःच कोरी आणि शेवटच्या मोकळ्या कडेवर आपल्या नावाची खूण करी; त्या खुणेवरून आज तबकडीची किंमत ठरते. १९९९ पासून त्याच मुद्रणांच्या नव्या संकलित आवृत्त्या त्यानेच स्वतः तयार केल्या. आता पाहा : मूळ कर्त्यानेच चाळीस वर्षांनी शोधित केलेली आवृत्ती, तिला प्रमाण का मानू नये? परंतु कित्येक जाणकारांना ती अधिक कर्कश आणि दाटलेली वाटते आणि दुसऱ्यांनी मूळ फितीवरून केलेल्या आवृत्त्या ते पसंत करतात. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकांना हा वाद परिचित वाटेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये सिद्ध केलेली प्रत श्रद्धेने स्वीकारली गेली, आणि राजवाड्यांनी १९०९ साली त्याहून जुन्या म्हणून काढलेल्या पोथीने त्या स्वीकाराविषयी प्रश्न उपस्थित केले. माझे मत विचाराल तर व्हॅन गेल्डरची नवी आवृत्ती हा मूळ पाठ नव्हे, तो कर्त्याने वृद्धपणी केलेला भाष्यग्रंथ आहे. आणि मूळ फीत हाही संपूर्ण पाठ नव्हे, कारण तबकडी कोरताना त्याने हाताने केलेले फेरफार फितीवर नाहीतच. तरुण व्हॅन गेल्डरचा अभिप्राय फक्त त्या खुणेच्या तबकडीत आहे. तेवढ्यापुरते संग्राहकांचे वेड मला समर्थनीय वाटते. त्यांनी मोजलेल्या किंमती मात्र नाहीत.

‘अधिक चांगली’ म्हणजे काय, याचा निकाल कानाने लावताना एक सापळा आहे. दोन आवृत्तींपैकी जी किंचित मोठ्याने वाजते ती माणसाला अधिक भरदार आणि स्पष्ट वाटते. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखविले की, आवाज लहान असता कानाला खर्जाचे स्वर प्रमाणाबाहेर क्षीण ऐकू येतात. म्हणून दोन्ही आवृत्त्यांची पातळी मोजून समान केल्यावाचून, आणि कोणती कोणती हे ऐकणाऱ्यापासून लपविल्यावाचून केलेली तुलना शास्त्रीय मानता येत नाही. मी स्वतः अशी परीक्षा माझ्या एका स्नेह्याच्या मदतीने घेतली. ज्या प्रतीसाठी मी महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा खर्चिला होता, ती मला ओळखता आली नाही.

आता आवाज स्वच्छ करण्याविषयी. लाखेच्या तबकडीचा खसखसाट मुख्यतः उच्च कंपनसंख्येच्या प्रदेशात असतो. झांजांची झिणझिण, वाद्यात शिरणारा श्वास, आणि भाषेच्या बाबतीत स, श हे उष्म वर्ण यांचेही स्थान तेच. खसखसाट गाळावयास गेले की त्याबरोबर हेही गळतात. बकिंगहॅमशरच्या जॉन आर. टी. डेव्हिस (मृत्यू २००४) या वादक-संपादकाची कीर्ती याच विवेकामुळे झाली. खटका दिसेल तेथे ध्वनिफितीवरील लेप पात्याने खरवडून तो तेवढाच खटका काढी; बाकीच्या पृष्ठाला हात लावीत नसे. संगणकाच्या युगात हेच काम क्षणात होते, आणि बहुधा प्रमाणाबाहेर होते. काही आवृत्त्यांमध्ये १९२० च्या दशकातील क्लॅरिनेट पाण्याखालून वाजल्यासारखे ऐकू येते. अशा प्रतीपेक्षा खसखसाट परवडतो. त्याच्या पलीकडचे निदान कान ऐकून घेऊ शकतात.

आणि जेथे तुलना करावयास मूळच उरलेले नाही तेथे? १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत असंख्य मूळ ध्वनिफिती जळाल्या. त्या हानीचे स्वरूप ११ वर्षांनी, २०१९ साली वृत्तपत्रातून उघड झाले. जॉन कोल्ट्रेन याच्या ६ मार्च १९६३ च्या बैठकीची मूळ फीत तर आगीवाचूनच गेली. परंतु त्या दिवशी घरी ऐकण्यासाठी म्हणून व्हॅन गेल्डरने दिलेली एक प्रत त्याच्या पहिल्या पत्नीच्या कुटुंबात राहिली आणि त्यावरून २०१८ साली ती तबकडी निघाली. कंपनीच्या कोठारातील प्रत नष्ट, घरातील टिकली. आपल्याकडील पोथ्यांचा इतिहास तरी याहून वेगळा कोठे आहे?

लेखाच्या आरंभी ज्या दुसऱ्या कारणाचा उल्लेख केला त्याकडे आता येतो. १९१३ ते १९२९ या काळात ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या संबंधात हिंदुस्थानातील अनेक भाषांच्या व बोलींच्या ग्रामोफोन-तबकड्या भरल्या गेल्या. त्यांच्या प्रती आता संगणकावर ऐकावयास मिळतात. त्याच काळातील मराठी नाट्यपदांच्या आणि भाषणांच्या व्यापारी तबकड्याही पुनर्मुद्रित स्वरूपात उपलब्ध आहेत. या सामग्रीवर ध्वनिशास्त्रीय मोजमाप करण्याचा मोह आमच्यापैकी अनेकांना होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु बोलणाऱ्या माणसाला पट्टी नसते. गाण्यात निदान साथीची पेटी असते. तिच्या मानाविषयी शंका असली तरी काही अटकळ बांधता येते. विजेवर भरलेल्या मुद्रणात वीजप्रवाहाची गुणगुण मागे राहते, तिच्यावरूनही गती काढता येते. कर्ण्यासमोर केलेल्या भाषणात यांपैकी काहीच नाही. गती शेकडा पाचाने चुकली तर ६०० कंपनांवरचा स्वर-अनुनाद ६३० वर दिसतो, आणि संशोधक त्यावरून उच्चार विवृत होता असा निष्कर्ष काढतो.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात, शतकापूर्वीच्या मराठी ‘अ’काराची आजच्या ‘अ’काराशी तुलना करणारा एक तक्ता आहे. त्यासाठी वापरलेले मुद्रण मी एका पुनर्मुद्रित संचावरून घेतले होते आणि मूळ तबकडी किती गतीने वाजविली याचा उल्लेख त्या संचावर कोठेही नव्हता. मीही तो विचारला नाही. गेल्या वर्षी त्याच भाषणाची दुसरी, निराळ्या प्रतीवरून घेतलेली आवृत्ती माझ्या हाती आली. दोहोंमधील गतीचा फरक शेकडा चाराहून अधिक भरला, आणि तक्त्यात मी दाखविलेला ऐतिहासिक फरक त्याहून कमी आहे. दोन्ही प्रतींपैकी कोणती बरोबर हे ठरविण्याचे साधन आज माझ्याजवळ नाही. तेव्हा तो तक्ता आणि त्याखालील दोन परिच्छेद मी येथे मागे घेत आहे. तो प्रबंध विभागाच्या ग्रंथालयात असून त्या पानावर तशी चिठ्ठी लावण्याची विनंती ग्रंथपालांना केली आहे.